छातीचा हार्ट रेट पट्टा: घ्या, पण चढाच्या पहिल्या मिनिटात बघू नका

मनगटावरच्या घड्याळापेक्षा हा पट्टा केव्हाही बरा. घड्याळ कातडीवर उजेड टाकून ठोके मोजतं. सायकलचं हँडल आवळून धरलं, खड्ड्यात हात आदळला की त्याचा हिशेब चुकतो. पट्टा हृदयाचे विद्युत संकेतच पकडतो. दौलताबादच्या घाटात घड्याळ १२० वर अडकून बसलं होतं तेव्हा पट्टा १६० दाखवत होता, आणि माझी धाप पट्ट्याच्या बाजूने साक्ष देत होती. किंमत तीन हजारांच्या आत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

मी तो इंटरव्हलसाठीच, म्हणजे आलटून पालटून जोर आणि आराम अशा सरावासाठीच घेतला. किल्ला मागे टाकून घाट लागला की चार मिनिटं जोर, मग वळून तीन मिनिटं आरामात, असं चारदा. (शनिवार सोडून. त्या दिवशी याच रस्त्याने सगळं संभाजीनगर खुलताबादच्या भद्रा मारुतीला निघालेलं असतं.)

तक्रार आहे ती सोबतच्या अ‍ॅपची. ते वय विचारतं, २२० मधून वजा करतं आणि मोकळं होतं. माझं वय ५२, म्हणजे कमाल १६८. घाटात मी १७९ पाहिलेत! हा ठोकताळा सरासरीचा. माणसागणिक दहा-बारा ठोके सहज इकडेतिकडे होतात. त्यामुळे अ‍ॅपच्या ९० टक्क्यांवर, म्हणजे १५१ ला, मी शेजारच्याशी तुरीच्या भावावर वाद घालू शकतो. वाद घालता येतोय तो कसला इंटरव्हल? ‘गाडी आली’ एवढं तोंडातून निघालं तरी पुष्कळ. कमाल आकडा हाताने भरायची सोय आहे, पण सेटिंगमध्ये इतकी खोल पुरलीय की भाच्यालाच शोधावी लागली.

दुसरी अडचण पट्ट्याची नाही, हृदयाची आहे. जोर आत्ता लावला तरी ठोके ९० टक्क्यांपर्यंत चढायला दीड-दोन मिनिटं घेतात. भाचा पहिल्याच मिनिटात आकडा गाठायला गेला.

“मामा, पट्टा झोपलाय तुमचा!”

“पट्टा जागाच आहे. तू दम धर.”

तिसऱ्या मिनिटाला त्याचं कपाळ हँडलला टेकलं होतं. तीस-तीस सेकंदांच्या झटक्यांत तर आकडा जोर संपल्यावर वर जातो. तिथे पट्टा घरी राहिला तरी बिघडत नाही.

मग जोर किती लावायचा? स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० ची मोजपट्टी मला जास्त भरवशाची वाटते. जोर किती जड वाटतोय त्याला आपणच आकडा द्यायचा. ठोक्यांना दहाने भागल्यासारखी ती आहे: १३ म्हणजे थोडं जड, १७ म्हणजे खूप जड. माझे पहिले दोन चढ १५-१६ वाटतात, चौथा १७-१८. पहिलाच १८ वाटला तर चौथा होत नाही. चौथ्यानंतर ‘अजून एक कसाबसा झाला असता’ वाटलं, की जोर बरोबर लागला. एप्रिलच्या उन्हात तेवढ्याच जोराला आकडा वर पळतो, तेव्हा मी स्क्रीन झाकून टाकतो.

पट्टा खरा वसूल होतो तो लांबच्या इंटरव्हलला. व्यायामशास्त्राचे संशोधक स्टीफन सायलर यांच्या २०१३ च्या अभ्यासात हौशी सायकलवाल्यांना चार मिनिटांच्या चारपेक्षा आठ मिनिटांचे चार, जरा कमी जोराचे, जास्त लाभले. आठ मिनिटांत आकड्याला स्थिरावायला वेळ मिळतो. तेवढा चढ मला सापडत नाही, म्हणून ते मी सपाटीला, समोरच्या वाऱ्यात करतो.

बांधण्याआधी आतली रबरी बाजू ओली करा. हिवाळ्यात कोरडा बांधला तर उभ्या उभ्या २१० दाखवतो. आल्यावर पट्ट्यावरची सेन्सरची डबी काढून ठेवा, नाहीतर सेल उतरतो, आणि पट्टा साध्या पाण्यात खळबळून घ्या. टिचबटणांभोवती घामाचं पांढरं मीठ धरलं की आकडे उड्या मारतात. इलास्टिक सैल पडल्यावर नुसता पट्टा वेगळा मिळतो, पण दोन टिचबटणांमधलं अंतर मोजूनच मागवा.