विश्वस्त की सल्लागार? होकार देण्याआधी

“आमच्या संस्थेवर या, तुमच्यासारखी माणसं हवीत.” निवृत्तीच्या सुमारास असा फोन अनेकांना येतो. होकार देण्याआधी एकच विचारा: विश्वस्त म्हणून बोलावताय की सल्लागार म्हणून? मी तालुक्याच्या एका वाचनालयात ९ वर्षं कार्यकारिणीवर होते आणि आता मुलींच्या एका वसतिगृहाच्या सल्लागार समितीवर आहे. कार्यक्रमपत्रिकेवर दोन्हीकडे माझं नाव सारखंच छापलं गेलं. जबाबदारीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

आधी कायद्याचं. महाराष्ट्रात बऱ्याच संस्था १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, अशा दोन्हींखाली नोंदलेल्या असतात. म्हणून ‘मी विश्वस्त कुठे, मी तर नुसती सदस्य’ या समजुतीत राहू नका. धर्मादाय कार्यालयाच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे संस्थेच्या तिथल्या अधिकृत नोंदीत, कार्यकारिणीचीच नावं विश्वस्त म्हणून चढतात. घोर निष्काळजीपणामुळे संस्थेचं नुकसान झालं, तर ते भरून देण्याचा आदेश विश्वस्तांवर निघू शकतो. पदावरून दूरही केलं जाऊ शकतं. संस्थेची जागा विकायची, कर्ज काढायचं किंवा इमारत ३ वर्षांहून जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी लागते. सल्लागाराचं नाव अनुसूचीत नसतं, चेकवर त्याची सही नसते; हा भार त्याच्यावर येत नाही.

अनुसूचीचं एवढं का सांगते? मी वाचनालयात आले तेव्हा बँकेत सही करणाऱ्या तिघांपैकी अध्यक्ष वारले होते आणि खजिनदार मुलाकडे बंगळुरूला राहायला गेले होते. नव्या सह्यांचा ठराव घेऊन आम्ही बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी अनुसूचीचा उतारा मागितला. त्यात ११ वर्षांपूर्वीची कार्यकारिणी होती, ९ पैकी ४ जण हयात नव्हते. मधल्या काळात निवडणुका झाल्या होत्या, ठराव झाले होते, पेढेही वाटले होते. बदल अर्ज, म्हणजे नवी कार्यकारिणी धर्मादाय कार्यालयाला कळवणारा अर्ज, मात्र कुणी दाखलच केला नव्हता. बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो द्यायचा असतो. मग मृत्यूचे दाखले गोळा करणं, एकेका निवडणुकीचा वेगळा अर्ज, उशीर माफ करण्याची विनंती. आमच्या ग्रंथपालांचा पगार ५ महिने थकला. त्यांनी वाचनालय एक दिवसही बंद ठेवलं नाही. ती गोष्ट मला आजही सलते.

विश्वस्ताचं खरं काम सभेतच. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा विषय बहुतेक ठिकाणी अर्ध्या मिनिटात उरकतो. तो उरकू देऊ नका. प्रोसिडिंग बुक, म्हणजे इतिवृत्ताची वही, हातात घेऊन वाचा. दुसरी जागा म्हणजे विषयपत्रिकेतली शेवटची ओळ, ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. पैशांचे निर्णय तिथे येता कामा नयेत. चहा आलेला असतो, सगळ्यांना घरी जायचं असतं, आणि कागद न बघता सूचक-अनुमोदक मिळतात. १०,००० रुपयांवरचा खर्च आधी विषयपत्रिकेवर यायलाच हवा, असा ठराव मी मांडला आणि दोन सभा त्यासाठी भांडले. पुढे रॅकच्या कोटेशनमध्ये माझ्या दिरांच्या दुकानाचंही एक आलं. मी तसं सांगितलं, खोलीबाहेर गेले आणि ‘चर्चेत भाग घेतला नाही’ हे इतिवृत्तात लिहून घेतलं. काम दुसऱ्याला मिळालं, घरी थोडे दिवस अबोला झाला. विश्वस्ताने हे सोसायला हवं.

सल्लागाराला सोसावं लागतं ते वेगळं. वसतिगृहात मी संध्याकाळी एक तास वाचनाचा ठेवा म्हटलं, ते झालं. स्वयंपाकाचं बाहेर देऊ नका म्हटलं, ते झालं नाही. ऐकून घेतलं आणि निर्णय त्यांनी घेतला. ज्यांना हे पटत नाही, त्यांनी सल्लागार होऊ नये. पण फाइल नसल्यामुळे मी मुलींसोबत बसू शकते, हे सुख विश्वस्त असताना मला फारसं मिळालं नाही.

वेळेचा हिशेब सोपा आहे. सल्लागाराचं महिन्याकाठी अर्ध्या दिवसात भागतं. विश्वस्तपदाला माझे महिन्यातले २ दिवस जात, आणि ३१ मार्चनंतर ऑडिट पुरं होईपर्यंत जास्तच. सोडतानाही फरक आहे. सल्लागाराने पत्र दिलं की संपलं. विश्वस्ताने राजीनामा दिला, तो मंजूर झाला, तरी बदल अर्जाची नोंद होईपर्यंत अनुसूचीत नाव तसंच राहतं. राजीनाम्याची पोच जपून ठेवा.

बोलावणं कलम ८ च्या कंपनीचं, म्हणजे कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या ना-नफा संस्थेचं असेल तर तिथे तुम्ही संचालक होता, विश्वस्त नव्हे. संचालक क्रमांक काढावा लागतो, विवरणपत्रं कंपनी निबंधकांकडे जातात. जबाबदारी तिथेही कमी नाही.

माझं मत विचाराल तर, हिशेब वाचायची सवय असेल आणि नको तिथे ‘नाही’ म्हणता येत असेल तर विश्वस्त व्हा. अशी माणसं संस्थांना खरोखर कमी पडतात. डॉक्टर, वकील, शिक्षक म्हणून ज्ञान द्यायचंय पण वेळेची ओढाताण आहे, तर सल्लागार व्हा आणि मनापासून व्हा. नुसतं नाव हवं म्हणून कुणी विश्वस्तपद देत असेल तर नम्रपणे नकार द्या.

होकाराआधी चार कागद मागा: संस्थेची घटना, अनुसूची १ चा ताजा उतारा, ३ वर्षांचे ऑडिट रिपोर्ट आणि प्रोसिडिंग बुक. कार्यवाहांनी ते आठवड्याभरात समोर ठेवले तर निश्चिंतपणे जा. टाळाटाळ झाली, तर आधी वर्षभर सल्लागार म्हणून जा आणि थकलेले बदल अर्ज भरायला त्यांना मदत करा.