ड्रिलिंगचा गाळ वावरात घ्यायच्या आधी इथून तपासून घ्या (माती-पाणी लॅब, धंतोली, नागपूर) – ५ पैकी ४ स्टार

आमचा संत्र्याचा बगीचा कळमेश्वर तालुक्यात. जवळच गॅसच्या पाइपलाइनसाठी नाल्याखालून आडवं ड्रिलिंग चालू होतं आणि त्यातून निघणारा राखाडी गाळ टाकायला जागा पाहिजे म्हणून कंत्राटदाराचा माणूस गावात फिरत होता, "भाऊ, फुकट आहे, वावरात पसरवून घ्या, पाणी धरून ठेवते". काही जणांनी घेतला पण. आम्ही म्हटलं आधी तपासू, मग बघू.

या लॅबचं सगळ्यात आवडलं ते म्हणजे काउंटरवरच्या मॅडमनी पैसे घ्यायच्या आधी विचारलं, गाळ कशाचा, तेल-गॅसच्या विहिरीचा की पाइपलाइनचा? कारण विहिरीच्या चिखलात वजनासाठी बॅराइट (बेरियमचं जड खनिज) टाकतात, कधी क्षार, कधी डिझेल, आणि तेल असलेला ड्रिलिंगचा चिखल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे, तो वावरात टाकायचा विषयच नाही. पाइपलाइनच्या गाळात मुख्य बेंटोनाइट, म्हणजे पाण्यात फुगणारी चिकणमाती, आणि पाणी, सोबत सोडा अ‍ॅश नि पॉलिमर. तो घातक यादीत नाही म्हणून कंत्राटदार बिनधास्त, पण यादीत नाही म्हणजे जमिनीला चालतो असं थोडीच आहे! न्यूझीलंडमध्ये तारानाकी भागात विहिरींचा चिखल कुरणांच्या जमिनीत मिसळतात, तर तिथल्या फॉन्टेरा या दूध कंपनीनं २०१३ मध्ये सांगून टाकलं की अशा नव्या जमिनींवरचं दूध आम्ही घेणार नाही.

मृदा आरोग्य पत्रिकेतल्या १२ चाचण्यांत सामू (पीएच), क्षारता, नत्र-स्फुरद-पालाश वगैरे येतं, पण तेल, बेरियम, क्लोराइड त्यात नाही आणि सोडियमही नाही. ते इथे वेगळं सांगून करून घ्यावं लागतं, महाग पडतं, पण करा. तेलाच्या चाचणीला गाळ काचेच्या बाटलीत गच्च भरून बर्फात आणायला सांगतात, प्लास्टिकच्या पिशवीतला घेत नाहीत, ते बरोबरच आहे.

आमच्या गाळात तेल निघालं नाही. सामू मात्र ९ च्या वर आणि सोडियम भरपूर. तिथल्या दादांनी दोन नरसाळ्यांत फिल्टर पेपर लावला, एकात आमची माती, दुसऱ्यात गाळ मिसळलेली आमचीच माती, आणि वरून सारखंच पाणी ओतलं. पहिल्यातलं खाली उतरलं, दुसऱ्यातली माती फुगून साबणासारखी गुळगुळीत झाली आणि पाणी वरच तुंबलं. बेंटोनाइट हलक्या रेताड जमिनीत कामाचं असेल, पण आपली काळी माती आधीच त्याच जातीच्या चिकणमातीची, पाणी धरून ठेवणारी, त्यात सोडियम घातला की जमीन चोपण होते, म्हणजे घट्ट बसते नि पाणी खाली उतरू देत नाही. आणि संत्र्याच्या मुळीला पाणी साचलेलं चालत नाही, डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) तिथूनच येतो, हे काटोल-कळमेश्वरच्या कोणत्याही बागायतदाराला विचारा. आम्ही गाळ घेतला नाही. ज्यांच्या वावरात पडलाय त्यांचा फार जीव जळतो माझा, कारण एकदा मातीत मिसळला की तो वेचून काढता येत नाही, जिप्सम टाका, चर खोदा, पाणी मारून सोडियम धुऊन काढा, आणि त्याचा खर्च शेतकऱ्याच्याच खिशातून.

एक स्टार कापला तो रिपोर्टसाठी. क्षारतेचा आकडा दिला पण मातीत पाणी किती मिसळून मोजला ते लिहिलंच नाही. संत्र्याला १.७ (डेसिसायमन प्रति मीटर) ची मर्यादा सांगतात ती संपृक्त अर्काची, म्हणजे माती जेमतेम चिंब भिजवून काढलेल्या पाण्याची, एक भाग मातीला दोन भाग पाणी घालून मोजलं की आकडा कमी दिसतो आणि माणूस उगाच निश्चिंत होतो. फोन करून विचारावं लागलं, दोनदा उचलला नाही. पार्किंग नाही, गाडी लांब लावावी लागते.

रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, पण सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या, कंत्राटदारासमोर आणि तहसीलमध्ये तीच चालते.