हातात धरायचं एक्स-रे मशीन: कारागृहातल्या शिबिरात कसं चालतं?

मी जिल्हा क्षयरोग केंद्रात एक्स-रे टेक्निशियन आहे. हे हँडहेल्ड मशीन आम्ही गावोगाव नेतो, पण त्याचा खरा कस कारागृहात लागतो, म्हणून तिथल्या वापराबद्दलच लिहितो. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही.

पूर्वी टीबीचा संशय असलेल्या बंद्याला एक्स-रेसाठी जिल्हा रुग्णालयात न्यायचं तर पोलीस गार्ड लागायचा. गार्ड मिळेपर्यंत तो त्याच बराकीत, अंगाला अंग लावून झोपणार, म्हणजे शेजारच्यांनाही प्रसाद. आता साडेतीन किलोच्या आसपासचं मशीन सर्कलच्या (बराकींच्या एका विभागाच्या) व्हरांड्यात स्टँडवर चढवलं, समोर डिटेक्टरची, म्हणजे फोटो टिपणारी पाटी टांगली, की रांग सुरू. छाती टेकव, खांदे पुढे, श्वास घे, धर, सोड. सगळ्यात जास्त वेळ जातो ताइतापायी. तो उतरवायला पुष्कळजण तयार नसतात. मग दोरा वर ओढून हनुवटीपाशी धरायला सांगतो, फोटोत येत नाही.

नुसतं "खोकला आहे का?" विचारून इथे भागत नाही. वेगळ्या खोलीत टाकतील या धास्तीने खोकणाराही "नाही साहेब" म्हणतो, आणि काहींना खरोखरच त्रास नसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात एक्स-रे काढला नसता तर ४२.६ टक्के रुग्ण हातून निसटले असते. बराकीत असा एक निसटला तर काय होतं ते कारागृहाच्या डॉक्टरांना विचारा.

आता रड. फोटो वाचणारं एआय सॉफ्टवेअर आम्हाला आधी मिळालं ते इंटरनेटवर चालणारं. आत तर आमचे फोनसुद्धा गेटवर जमा होतात, हॉटस्पॉट आणायचा कुठून? फोटो घेऊन ऑफिसात परतायचं आणि मग निकाल, म्हणजे मशीन आत नेण्याचा निम्मा फायदा गेला. डेमो देणारा यावर चकार शब्द बोलला नव्हता. ऑफलाइन आवृत्ती पाठपुरावा करून मिळवली. ती बरी आहे, फक्त बऱ्या झालेल्या जुन्या टीबीच्या डागावरही संशयाचा लाल रंग भरते, तेव्हा थुंकीची तपासणी टळत नाही.

त्यासाठी ट्रूनॅट, म्हणजे थुंकीत टीबीचे जंतू शोधणारं छोटं मशीन, सोबत न्यावं. आपल्या गोव्यात बनतं, बॅटरीवर चालतं, नमुना लावल्यावर तासाभरात टीबी आहे की नाही ते कळतं. कच्चा कैदी उद्या कोर्टातूनच जामिनावर सुटला तर परवाचा रिपोर्ट कोणाच्या हातात देणार? थुंकी मात्र मोकळ्या मैदानात, माणसांपासून लांब जाऊन द्यायला लावा. बराकीत तर मुळीच नको.

लागोपाठ फोटो काढले की मशीन तापून बंद पडतं, उन्हाळ्यात जास्तच. जादा बॅटरी हवीच, आणि तिची नोंद गेटच्या रजिस्टरात आत जातानाच करून घ्या. नाहीतर बाहेर पडताना "ही कुठून आली?" यावर अर्धा तास.

माझ्याकडून पाचपैकी चार तारे. एक कापला तो सोबत येणाऱ्या स्टँडसाठी. उंचसखल फरशीवर ते डुगडुगतं आणि फोटो हलतो. आम्ही गावातल्या वेल्डरकडून त्याला लोखंडी बूड लावून घेतलं.