उद्यमनगरातल्या बिनबोर्डाच्या गॅरेजचा रिव्ह्यू, जुन्या स्प्लेंडरचं अ‍ॅव्हरेज ४४ वरून ५९ वर

गाडी वडिलांची, २००७ ची हिरो होंडा स्प्लेंडर प्लस, मीटर दोनदा बदललाय त्यामुळे खरे किलोमीटर किती झालेत ते देवालाच माहीत. रोज कोल्हापुरातनं गोकुळ शिरगाव एमआयडीसीला जाऊन येऊन, अधनंमधनं कागल. पूर्वी डोळे झाकून साठच्या वर द्यायची, गेल्या दिवाळीनंतर असं झालं की दोनशेचं पेट्रोल टाकलं की तिसऱ्या दिवशी कॉक रिझर्व्हला. चारचाकीवाले पण हसायला लागले राव.

आधी काय काय केलं ते सांगतो म्हणजे पैसे कुठं गेले ते कळेल. एका ठिकाणी (नाव घेत नाही) गाडी दाखवली, त्यानं न विचारता कार्बोरेटर खोलला, साफ केला, किट टाकलं, साडेनऊशे घेतले. आठ दिवस बरं वाटलं, म्हणजे वाटलंच फक्त, मोजलं कुठं होतं. परत गेलो तर म्हणे टॅपेट, मग म्हणे पिस्टन-रिंगा बघायला लागतील, इंजिन उतरवूया. तिथं मी पाय मागं घेतला. ऑफिसात सगळ्यांचं एकच, अरे ते ई-२० पेट्रोल (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं), त्यानंच होतंय, आता काही इलाज नाही. मला पण ते पटलं होतं खरं तर, कारण दोष सरकारवर टाकला की आपल्याला काही करायला लागत नाही.

मग मेव्हण्यानं या मिस्त्रींकडं पाठवलं. उद्यमनगरात लेथच्या दुकानांच्या ओळीत एक पत्र्याचं शेड, बोर्ड नाही, बाहेर चार-पाच जुन्या गाड्या उभ्या असतात तीच खूण. साठीचे असतील, बोलणं कमी. मी गेल्या गेल्या कार्बोरेटर, ई-२०, पिस्टन सगळं धडाधड सांगितलं, ते गप ऐकून म्हणाले, "मोजलंयसा का कधी?" मी म्हटलं हो की, रिझर्व्ह ते रिझर्व्ह. त्यावर नुसतं हसले. गाडी जरा तिरकी असली तरी रिझर्व्ह आधी-नंतर लागतं, ते काय मोजमाप न्हवं म्हणे.

त्यांच्याकडं खुणा केलेली एक प्लास्टिकची बाटली आहे, नळीसकट. टाकीचा कॉक बंद, कार्बोरेटरमधलं उरलेलं पेट्रोल काढून टाकलं, बाटली हँडलला लटकवून नळी जोडली, बरोबर १०० मिली पेट्रोल. म्हणाले जावा, बंद पडेल तिथनं फोन करा. विद्यापीठाच्या बाजूनं हायवेला लागलो आणि ४.४ किलोमीटरला गाडी फुस्स. म्हणजे लिटरला ४४. पहिल्यांदा कुणीतरी आकडा हातात दिला.

ढकलत नाही आलो, पोरगं पेट्रोल घेऊन आलं. पण शेडसमोर गाडी थांबवली तर मिस्त्रींनी मागच्या लाइटकडं बोट दाखवलं. मी निघालो तेव्हा आणि आत्ता येताना, दोन्ही वेळा ब्रेक लाइट पेटलेलाच होता. माझा उजवा पाय ब्रेकवर टेकलेला असतो म्हणे सारखा. अठरा वर्षं गाडी चालवतोय आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं, बायको पण नाही, आणि ती बाकी सगळं सांगते.

मग खरी गंमत. गाडी डबल स्टँडला लावली, मला मागं कॅरिअरवर दाबून बसवलं म्हणजे पुढचं चाक उचललं गेलं, आणि त्यांनी एका हातानं चाक जोरात फिरवलं. अर्धा फेरासुद्धा नाही, खर्रर्र करून थांबलं. पुढच्या ब्रेकच्या ड्रमवर बोटं ठेवून बघा म्हणाले, ठेवली आणि काढली, चटका बसला. झालं असं होतं की मी मागं कधीतरी पुढचा ब्रेक लागत नाही अशी तक्रार केलेली, आधीच्या गॅरेजवाल्यानं केबल कचकचून ताणून दिली, पण ड्रमच्या आत ज्याच्यावर लायनर (चाक धरणारे ब्रेकचे शू) उघडतात तो कॅम सुकून गंजलेला, त्यामुळे ब्रेक सोडला तरी लायनर मागं यायचेच नाहीत. म्हणजे गाडी रोज ब्रेक लावूनच चाललेली. मागचं चाक फिरवलं तर ते पण जड, चेन वीणेच्या तारेसारखी ताणलेली आणि कोरडी ठाक.

टायरची हवा तपासली, पंक्चरवाल्यानं पुढंमागं अंदाजानं भरलेली, मागं १८ पीएसआय निघाली. या गाडीला एकटा माणूस असेल तर पुढं २५ आणि मागं २८ लागते. प्लग काढला तर काजळीनं काळा, चांगला प्लग चहाच्या रंगाचा दिसतो. एअर फिल्टर इतका भरलेला की आपटल्यावर अर्धी एमआयडीसी बाहेर पडली. इंजिनला हवा कमी म्हटल्यावर कार्बोरेटरवाली गाडी पेट्रोल जास्त पिणारच. कार्बोरेटर त्यांनी खोललाच नाही, फिल्टर बदलला, स्क्रू अर्धापाऊण फेरा फिरवला आणि कान लावून ऐकत बसले. इंजिनचं विचारलं तर किक हातानं दाबून दाखवली, कॉम्प्रेशन हाय की, धूर निळा न्हाई, कशाला उघडायचं?

ई-२० वर मी परत उकरलंच. ते म्हणाले फरक पडतो, पण पंधरा-वीसचा न्हाई. घरी येऊन हिशोब केला, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, वीस टक्के मिसळलं तर एकूण सहा-सात टक्के, म्हणजे साठच्या गाडीला फार तर चार किलोमीटर. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात तर जुन्या दुचाकींसाठी तीन-चार टक्केच धरलेत. उरलेले दहा-बारा किलोमीटर माझ्या ड्रममध्ये अडकलेले. हां, जुनी पेट्रोलची नळी मात्र कडक होऊन चिरायला आलेली, ती त्यांनी बदलायला लावली.

पुढचे लायनर, प्लग, फिल्टर, नळी, चेनला ऑइल आणि मजुरी धरून ११४० झाले. दुसऱ्या दिवशी परत बाटली लावली, ५.९ किलोमीटर. मी नंतर तीन वेळा टाकी फुल ते फुल करून बघितलं, ५८ ते ६१ च्या मध्ये येतंय.

आता वाईट पण सांगतो. बिल मिळत नाही, कागदावर पेन्सिलीनं आकडे. फोन उचलत नाहीत. दिवसाला चार-पाचच गाड्या घेतात त्यामुळे सकाळी नऊला गेलो तर दुपारी दोनला सुटलो, बसायला एक टायर. घाई असलेल्यानं जाऊ नये. इंजेक्शनवाल्या गाडीला, म्हणजे २०२० नंतरच्या बीएस-६ ला, हात लावत नाहीत, सरळ शोरूमला जा म्हणतात. आणि गिऱ्हाइकासमोर गिऱ्हाइकाची चूक काढतात, ते झेपत असेल तर बघा. माझे पाचपैकी साडेचार, अर्धा टायरवर बसवल्याचा कापला.

जायचं असेल तर गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून गरम करून न्या. गार गाडी नेली तर ड्रमला हात लावून काही कळत नाही म्हणून आधी चक्कर मारायला पाठवतात, आणि तोवर तुमच्या मागून आलेल्याचा नंबर लागलेला असतो.