चार कॅप्सूल, एक स्टँड: वृंदगानासाठी रोड एनटी-एसएफ१

माइक बनवणाऱ्या रोडने २०१६ मध्ये साउंडफील्ड ही कंपनी ताब्यात घेतली आणि २०१८ मध्ये एनटी-एसएफ१ हा चार कॅप्सूलचा माइक आणला. कॅप्सूल म्हणजे माइकमधला आवाज पकडणारा भाग. मूळ कल्पना १९७०च्या दशकातली, मायकेल गर्झन आणि पीटर क्रेव्हन यांची: चार कॅप्सूल एकाच बिंदूभोवती चार दिशांना तोंड करून बसवायच्या आणि त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून हवा तो ‘आभासी माइक’ नंतर घडवायचा. पेटीत शॉकमाउंट (हादरे अडवणारा धारक), केसाळ विंडशील्ड आणि १२ पिनची केबल मिळते. केबलच्या दुसऱ्या टोकाला चार एक्सएलआर (माइकचे नेहमीचे कनेक्टर) असतात. चार कॅप्सूलच्या आवाजातून हवे ते चॅनल घडवणारं, म्हणजे डीकोड करणारं, प्लगइन सॉफ्टवेअर फुकट आहे.

आधी निकाल. सभागृहात एकच स्टँड उभा करू देणार असतील, किंवा स्टिरिओ की सराउंड हे रेकॉर्डिंगनंतर ठरणार असेल, तर हा माइक घ्यावा. काम फक्त स्टिरिओचं असेल तर १७ सेंमी अंतर आणि ११० अंशांच्या कोनात लावलेली दोन कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या) माइकांची साधी ‘ओआरटीएफ’ नावाची जोडी क्वायरला, म्हणजे वृंदगानाच्या चमूला, जास्त मोकळा आवाज देते. त्या १७ सेंमीमुळे दोन चॅनलांत वेळेचाही फरक येतो, आणि कानाला जाणवणारी ‘हवा’ बरीचशी त्यातूनच येते. एनटी-एसएफ१ मध्ये वेळेचा फरक जवळपास शून्य, सगळं काम पातळीच्या फरकावर.

सेल्फ-नॉइज, म्हणजे माइकचा स्वतःचा आवाज, १२ डीबीए (कानाच्या संवेदनेनुसार मोजलेले डेसिबल) आहे. क्वायर अगदी हळू गात असतानाही तळाशी सुसकारा जाणवत नाही. तक्रारीला जागा आहे ती गेनच्या, म्हणजे माइकचा सिग्नल किती वाढवायचा त्याच्या, बाबतीत, पण तो प्रश्न रेकॉर्डरचा. चारही चॅनलांचा गेन तंतोतंत सारखा लागतो. एका चॅनलवर १ डेसिबल इकडेतिकडे झाला तरी आभासी माइकांचे पॅटर्न (कुठल्या दिशेचं किती ऐकायचं ते) वाकडे होतात. त्यामुळे फिरत्या नॉबचा प्रीअँप (सिग्नल वाढवणारं यंत्र) नकोच. चार चॅनल एकत्र बांधता येणारा डिजिटल गेन हवा. लिमिटर (फार जोराचा आवाज दाबणारा) आणि लो-कट (खर्ज कापणारा फिल्टर) बंद ठेवा. कमी करायचा तो घरघराट डीकोड झाल्यावर, ४० हर्ट्झच्या आसपास, सगळ्या चॅनलांवर एकदम.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे दोन एक्सएलआरची अदलाबदल. मीटरवर सगळं ठीक दिसतं, हेडफोनमध्येही लगेच कळत नाही. म्हणून क्वायर येण्याआधी एकाने माइकभोवती फिरत ‘समोर, डावीकडे, मागे, उजवीकडे’ असं मोठ्याने म्हणून टाळी द्यावी, शेवटी एक टाळी माइकच्या वरून. ते रेकॉर्डिंग तिथेच डीकोड करून ऐकावं. शिवाय माइक उभा आहे, उलटा टांगलाय की आडवा धरलाय, हे प्लगइनमध्ये बरोबर निवडलंय ना तेही यातच तपासून होतं.

आता माइक कुठे लावायचा. पॅटर्न नंतर बदलता येतो, अंतर आणि उंची बदलता येत नाही. या माइकची जाहिरात वाचून नेमकं हेच विसरायला होतं. समजा तीन रांगांचा क्वायर आहे. पहिल्या रांगेची तोंडं १.६ मीटर उंचीवर, तिसरी रांग २ मीटर मागे आणि पायऱ्यांमुळे २.२ मीटरवर. माइक १.७ मीटर उंचीवर, पहिल्या रांगेपासून दीड मीटरवर ठेवला, तर पुढची रांग मागच्या रांगेपेक्षा सुमारे ७.५ डेसिबल जोरात येते. क्वायर एकजीव न वाटता पुढच्या चारजणी सुट्या ऐकू येतात. तोच माइक ३.२ मीटर उंच आणि २.५ मीटर लांब नेला की फरक ४ डेसिबलच्याही खाली येतो. म्हणून स्टँड उंचच घ्या, पायावर वाळूची पिशवी टाका, आणि जड केबलचा ताण कनेक्टरवर येऊ नये म्हणून ती माइकखाली लगेच स्टँडला बांधा.

स्टिरिओ डीकोड करताना कार्डिऑइड, ९० अंश हा सोपा पर्याय दिसतो, पण त्यात क्वायर मधोमध गोळा होतो. माइकपासून ४५ अंशांवर उभ्या असलेल्या कडेच्या गायिकेसाठी दोन चॅनलांत जेमतेम ६ डेसिबलचा फरक पडतो. आवाज पूर्ण कडेला जायला १५ ते १८ लागतात. ‘फिगर ऑफ एट’ पॅटर्न पुढचं आणि मागचं सारखंच ऐकतो, कडेचं ऐकत नाही. त्याची ९० अंशांची जोडी, म्हणजे ॲलन ब्लूमलाइनच्या १९३१ च्या पेटंटमधली मांडणी, याच्या उलट आहे: ४५ अंशांवरची गायिका थेट स्पीकरवर जाऊन बसते. सहा मीटर रुंद क्वायरसाठी माइक क्वायरच्या रेषेपासून किमान ३ मीटर मागे हवाच. जवळ गेलात तर टोकाचे गायक उलट फेजमध्ये (एका चॅनलात लाट वर तेव्हा दुसऱ्यात खाली) शिरतात आणि कुठे उभे आहेत तेच कळत नाही. श्रोते बसलेले असतील तर हा पॅटर्न टाळा. मागच्या बाजूचा खोकला समोरच्या गाण्याइतकाच स्पष्ट येतो, तोही डावा-उजवा उलटून. हायपरकार्डिऑइड (कार्डिऑइडपेक्षा अरुंद पॅटर्न), ११० ते १२० अंश, ही व्यवहारी तडजोड. बहुतेक मैफलींना तीच पुरते.

सराउंडमध्ये पहिल्या दर्जाच्या अँबिसॉनिक्सच्या, म्हणजे एका बिंदूतून चार चॅनलांत सगळ्या दिशा टिपण्याच्या या पद्धतीच्या, मर्यादा उघड होतात. डावा, मधला, उजवा या तिन्हींत जवळजवळ सारखाच आवाज असतो. डोकं जरा हललं की आवाजाचा रंग बदलतो. मधला चॅनल ४ ते ६ डेसिबल खाली घ्या, नाहीतर रिकामाच सोडा. मागच्या दोन चॅनलांसाठी कार्डिऑइड १३५ अंशांवर वळवले की समोरचा क्वायर त्यांत जवळपास १७ डेसिबलने कमी येतो आणि मागून गाणं ऐकू आल्याचा भास जातो. तरीही चार ‘फिगर ऑफ एट’ दोन-तीन मीटरच्या चौकोनात लावून हामासाकी चौकोन जो सभागृहाचा विस्तार पकडतो, तो इथे नाही. एका बिंदूतून तो यायचा तरी कसा?

यावर स्वस्त उपाय आहे, दोन ऑम्नी (सगळ्या दिशांचं सारखंच ऐकणारे) माइक. मुख्य माइकच्याच रेषेत, त्याच उंचीवर, दोन्हीकडे दीड-दीड मीटरवर लावायचे आणि मिक्समध्ये ६ ते ८ डेसिबल खाली ठेवायचे. दिशा पाळणाऱ्या कॅप्सूल लांबून खर्ज हरवतात, ऑम्नी हरवत नाहीत. पुरुषांचे बास आवाज अंगावर येतात आणि खालच्या पट्टीतला सपाटपणा जातो. पण मग स्टँड तीन झाले, आणि हा माइक घेण्याचं निम्मं कारण संपलं, हेही खरं.

१२ पिनची जादा केबल सोबत ठेवा. साधी एक्सएलआर कुठेही उसनी मिळते, ही मिळत नाही. आणि चार कॅप्सूलची कच्ची फाइल कधीच पुसू नका. बी-फॉरमॅट (कच्च्या फाइलमधून बनवलेली चार चॅनलांची अँबिसॉनिक्स फाइल) कुणाला पाठवलात तर फाइलच्या नावातच ‘ॲम्बीएक्स’ की ‘फ्यूमा’, म्हणजे चॅनल मांडण्याची कुठली पद्धत, ते लिहा. डब्ल्यू म्हणजे सगळीकडचा आवाज, एक्स पुढे-मागे, वाय डावं-उजवं, झेड वर-खाली. पहिल्यात चॅनलांचा क्रम डब्ल्यू-वाय-झेड-एक्स, दुसऱ्यात डब्ल्यू-एक्स-वाय-झेड. फ्यूमाची फाइल ॲम्बीएक्स समजून उघडली की समोरचा अख्खा क्वायर डाव्या स्पीकरमध्ये जाऊन बसतो, आणि बिचारा मिक्स करणारा तासभर केबल तपासत राहतो.