पहिलं रोमन नाणं: चांदीचं की ब्राँझचं?

शिवराया झाल्या, सातवाहनांची शिसं-तांबं झालं, आता संग्रहात एक तरी रोमन हवं असं म्हणणारे बहुतेक जण याच दोन पर्यायांपाशी अडतात. दुसऱ्या शतकातला चांदीचा दिनारियस, की चौथ्या शतकातलं सम्राट कॉन्स्टंटाइनचं ब्राँझ? मी दोन्ही घेतली. ब्राँझ आधी.

त्याला कारण माझं गाव. एका हातात गोल धरून उभा असलेला सूर्यदेव सोल, आणि त्याच्या पायाखाली 'पीएलएन', म्हणजे लंडनची टांकसाळ. ती 325 मध्ये बंद पडली. मी राहतो त्याच शहरात पाडलेलं, सतराशे वर्षांचं नाणं, आणि भावही दिनारियसपेक्षा कमी. शिवाय या ब्राँझवर टांकसाळीची खूण असते. त्रीर, अँटिओक, अलेक्झांड्रिया अशी एकेक गाठत जाता येतं. दिनारियसवर सहसा ती नसते, त्यामुळे ही मजा तिथे नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात सम्राटाच्या कानामागे फिकट हिरवा ठिपका दिसला. तांब्याची भांडी कळकतात तसंच असेल म्हणून सोडून दिलं. पण कळंक घट्ट बसलेला असतो. हा टूथपिक लावताच पिठासारखा गळला आणि खाली खड्डा निघाला. जमिनीत असताना क्लोराइड धातूत मुरतं आणि हवा दमट झाली की पुन्हा जागं होतं. संग्राहक याला ब्राँझ डिसीज म्हणतात. कित्येक आठवडे डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवलं, पाणी बदलत राहिलो, वाळवलं, वर मेण चढवलं. आई फोनवर म्हणाली, चिंच लावून बघ. तेवढं मात्र केलं नाही, नाहीतर वरचा जुना थरही गेला असता. पुढच्या हिवाळ्यात भुकटी परत हजर, या वेळी नाकावर.

मग सम्राट ट्रेजनचा दिनारियस घेतला. त्यावर 'एसपीक्यूआर ऑप्टिमो प्रिंकिपि', म्हणजे रोमच्या सेनेट आणि जनतेकडून सर्वोत्तम राज्यकर्त्याला. झिजलेला आहे, आकारही लहान. पण चांदी फार तर काळवंडते, आणि ते तर शोभूनच दिसतं. धोका इथेही आहे: आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा, अशी खोटी नाणी रोमन काळातच निघत, तेव्हा घेताना कड नीट बघा. फार पुढच्या काळातलंही नको. सम्राट निरोनं इ.स. 64 साली चांदी कमी करायला सुरुवात केली, ती दुसऱ्या शतकाच्या अखेरीस सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसपर्यंत जेमतेम निम्म्यावर आली. तिसऱ्या शतकातल्या अँटोनिनियानस या नाण्याबद्दल तर बोलायलाच नको, शेवटी ते नावालाच चांदीचं उरलं.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांवर ब्राँझ जपणारे लोक असतीलही, आणि कदाचित माझंच नाणं नासकं निघालं असेल. पण ट्रेजनला मी दोन वर्षांत एकदाही भिंगाखाली धरलेलं नाही. कॉन्स्टंटाइनला दर रविवारी धरावं लागतं, वेगळ्या डबीतून काढून.