स्पेशल स्कूलच्या वर्गात टॅब: जूनपासून वापरतेय, आता सविस्तर सांगते

मी स्पेशल एज्युकेटर आहे. वर्गात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता अशी सगळी मुलं एकत्र. जूनपासून एक जुना आयपॅड आणि दोन साधे अँड्रॉइड टॅब वापरतोय. घ्यावेत का असं बरेच पालक आणि शिक्षक विचारतात, तर हो, जरूर घ्या, पण बोलायचा टॅब (ज्यावरची चित्रं दाबून मूल आपलं म्हणणं सांगतं) आणि गाणी-कार्टूनचा टॅब एकच ठेवू नका. ज्याच्यावर यूट्यूब आहे त्याच्यावर मूल बोलायला जातच नाही, सरळ कार्टून लावून बसतं.

आमचा एक टॅब फक्त बोलण्यासाठी. त्यात जेलो टाकलंय, आयआयटी बॉम्बेच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं अ‍ॅप, फुकट आहे आणि मराठीत बोलतं. मध्ये चित्रं, कडेला आवडतं-नावडतं, हो-नाही, आणखी-कमी अशा अर्थाची सहा बटणं. चित्र दाबायचं, मग बटण, की पूर्ण वाक्य ऐकू येतं. एक मुलगा आहे, भाजी आवडली नाही की डबा भिरकावायचा. त्याला 'नाही' सापडलं आणि मग भाजीला नाही, प्रार्थनेला नाही, ठोकळ्यांना नाही, माझ्या शेजारी बसायलाही नाही! आम्ही ठरवून त्याचं प्रत्येक 'नाही' ऐकलं, जिथे शक्य तिथे लगेच मानलं, कारण आपण म्हटलेलं कुणीतरी ऐकतं हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. दिवाळीनंतर एकदा त्याने पोळीचं चित्र शोधलं आणि 'आणखी' दाबलं. मावशींनी स्वतःच्या डब्यातली पोळी दिली.

म्हणूनच सांगते, मस्ती केली म्हणून शिक्षा द्यायला हा टॅब काढून घेऊ नका. बोलणाऱ्या मुलाचं तोंड आपण बांधून ठेवतो का?

"टॅबच बोलायला लागला तर हा कधी बोलणार?" असं एका मुलाच्या आजींनी विचारलं. भीती रास्त आहे, पण 2006 सालच्या एका मोठ्या संशोधन-आढाव्यात ज्या 27 जणांबद्दल भक्कम पुरावा होता, त्यात अशी साधनं दिल्यावर एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं, बहुतेकांचं थोडंफार वाढलंच होतं. आजींना हे सांगितलं, मग त्याच टॅबवर नातवाशी बोलायला बसवलं.

दुसरा मोठा उपयोग कॅमेऱ्याचा. हात धुण्याचे तयार व्हिडिओ भरपूर मिळतात पण त्यातलं बेसिन आमचं नसतं ना. आम्ही आमच्याच नळावर, वर्गातल्याच मुलाचे हात, त्याच्या खांद्यामागून शूट केले (पालकांना विचारून). जेमतेम अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, नळापाशी जायच्या आधी दाखवायचा. बाकीची मुलं तो पुन्हा पुन्हा मागून बघतात आणि साबण लावायची पायरी, जी कायम गाळली जायची, ती आता बऱ्याच जणांची पक्की झालीय.

सेटिंगमध्ये दोन गोष्टी नक्की करा. आयपॅडला गाइडेड अ‍ॅक्सेस, अँड्रॉइडला अ‍ॅप पिन, म्हणजे मूल अ‍ॅपच्या बाहेर जात नाही. आणि सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी आयपॅडमधलं टच अकोमोडेशन्स, त्यात होल्ड ड्युरेशन (बोट किती वेळ टेकवलं की टच धरायचा ते) वाढवलं की हात थरथरून लागलेले चुकीचे टच धरले जात नाहीत. आमच्या एका मुलीला यानेच फरक पडला, नाहीतर तिला टॅब जमत नाही असंच सगळे म्हणत होते.

त्रासही आहे. पंखे आणि वर्गाचा गलका यात टॅबचा आवाज ऐकूच येत नाही, छोटा ब्लूटूथ स्पीकर घ्यावा लागला. मैदानात उन्हात स्क्रीन दिसत नाही, चार्जिंग ऐन वेळी संपतं, त्यामुळे वेल्क्रोची लॅमिनेटेड चित्रकार्डं मी अजून काढलेली नाहीत आणि तुम्हीही काढू नका. जाड फोमचं कव्हर पहिल्या दिवसापासून हवंच.

खरी अडचण सुट्टीची. आमच्याकडे टॅब शाळेच्या कपाटात राहतो, म्हणजे मे महिनाभर मूल पुन्हा गप्प. पालकांच्या सहीवर घरी द्या म्हणून मी अर्ज दिलाय, तोवर पालकांच्या फोनवर तेच अ‍ॅप टाकून देतेय.